वेगळ्या रंगाचा टाका

उत्तर पाठवून झाल्यावरच तळटीपरावांनी डब्याचं झाकण काढलं.

वाचकाच्या प्रतिक्रियेला चोवीस तासांच्या आत उत्तर द्यायचं, हा त्यांचा चौथा नियम होता. असे एकूण अकरा नियम त्यांनी आपल्या ब्लॉगच्या उजव्या बाजूला ठळक अक्षरांत कायमचे लावून ठेवले होते. वर मथळा: 'ब्लॉगलेखकाचे शिष्टाचार'. माणसाला विचारल्याशिवाय त्याच्यावर लिहू नये. चेहरा नको म्हणाला तर चेहरा दाखवू नये. खोटं तर लिहूच नये. एकदा प्रसिद्ध केलेलं गुपचूप पुसू नये; चूक झाली तर तिच्यावर रेघ मारावी, खाली दुरुस्ती लिहावी आणि तारीख घालावी. या शेवटच्या सवयीमुळेच कचेरीत त्यांचं हे नाव पडलं होतं. विमा कंपनीच्या दावे विभागात एकवीस वर्षं काढलेल्या माणसाला साहेब म्हणायला कुणाची ना नव्हती. पण एकदा मॅनेजरांच्या वाढदिवसाच्या शुभेच्छापत्रावरचं वय खोडून त्यांनी खरं वय लिहिलं आणि बाजूला सही केली. तेव्हापासून ते तळटीपराव झाले ते झालेच.

आजची प्रतिक्रिया रफूवालीवरच्या लेखावर होती. 'जुना ग्राहक' या नावाने कुणीतरी लिहिलं होतं: 'सुंदर लेख. बाईंचे हात अगदी डोळ्यांसमोर उभे राहिले. आतल्या बाजूने अजूनही पिवळाच टाका ठेवतात का? दुकान कधी उघडं असतं?'

त्यावर तळटीपरावांनी लिहिलं: 'मनःपूर्वक आभार. दुकान सकाळी दहाला उघडतं. टपाल कचेरीच्या मागची गल्ली, घड्याळजींच्या शेजारी. पुढचं दार अडकतं, तेव्हा मागच्या दाराने यावं.' मग राहवेना, म्हणून खाली आणखी एक ओळ घातली: 'टाका आता पिवळा नसतो, निळा असतो.'

"जेवा आता," शेजारच्या टेबलावरच्या बाई म्हणाल्या. "तुमचे वाचक काही उपाशी नाहीत."

"प्रश्न विचारणाऱ्याला ताटकळत ठेवणं बरं नव्हे."

"बायकोलाही असंच उत्तर देता का हो, चोवीस तासांत?"

संध्याकाळी ते रफूवालीकडे गेले, ते कोपराला विरलेला स्वेटर टाकायच्या निमित्ताने. खरं काम वेगळंच होतं. लेखाला आलेल्या प्रतिक्रिया त्यांनी छापून घेतल्या होत्या, आणि ज्याच्यावर लिहिलं त्याला त्या वाचून दाखवाव्यात, असा नियम नसला तरी त्यांना फार आवडत असे.

दुकान म्हणजे घड्याळजींच्या दुकानाला चिकटलेली अरुंद खोली. पुढे काउंटर, मागच्या दाराचा बोळही तिथेच उघडणारा, मधे जाड पडदा, पडद्यामागे खिडकीशी तिची खुर्ची. फाटलेल्या कपड्याच्याच दुमडीतून धागा ओढून ती भोक असं भरून द्यायची की मालकालाही जागा दाखवता येऊ नये. काम संपलं की आतल्या बाजूला एकच टाका मुद्दाम वेगळ्या रंगाचा घ्यायची. पुन्हा तिथेच विरलं तर कुठून उसवायचं ते कळावं म्हणून. तळटीपरावांचा सगळा लेख या एका टाक्यावर उभा होता. लिहायची परवानगी मागितली तेव्हा ती म्हणाली होती, "लिहा की. पण नाव नको, चेहरा नको." त्यांनी दोन्ही पाळलं होतं. फोटो फक्त हातांचा काढला होता.

पाच प्रतिक्रिया तिने मान खाली घालून, सुई चालवत ऐकल्या. सहाव्या प्रतिक्रियेला सुई थांबली.

"ती परत वाचा."

त्यांनी परत वाचली, या खेपेला जरा आवाज लावून.

"पिवळा तुम्ही लिहिला होतात, भाऊ?"

"छे. मी 'वेगळ्या रंगाचा' एवढंच लिहिलं. वाचकाच्या कल्पनेला थोडी जागा ठेवावी लागते."

"मग याला पिवळा कुठून कळला?"

तळटीपराव हसणार होते. अर्जदाराला जे माहीत असायला नको ते त्याने अर्जात कुठे लिहून ठेवलंय, हे शोधण्याचाच ते एकवीस वर्षं पगार घेत होते. हसू ओठांपर्यंत आलं आणि तिथेच अडकलं.

"जुना ग्राहक असेल," ते म्हणाले. "नावच तसं घेतलंय."

"पिवळा मी घरी असताना घ्यायची. त्याच्या घरी. ते सोडलं त्या दिवसापासून निळा." तिने सुई टाचण्यांच्या उशीत खोचली. "तुम्ही काय उत्तर दिलंत?"

त्यांनी आपलं उत्तर वाचलं. दहाची वेळ. टपाल कचेरी. मागचं दार. शेवटची ओळ वाचताना त्यांचा आवाज इतका बारीक झाला की पलीकडच्या भिंतीतली घड्याळं ऐकू यायला लागली.

"नवरा?"

"कोर्टाच्या कागदावर आता नाही. पण तो कागद त्याने वाचलेला नाही. वाचायची त्याला इतकी आवड असेल असं वाटलं नव्हतं मला."

तिने हात पुढे केला, उजवा. फोटोत होता तोच. लेखात त्यांनी लिहिलं होतं: 'करंगळी किंचित वाकडी, टाके मोजायला मुद्दाम वाकवल्यासारखी.' हे वाक्य त्यांनी तीनदा घासून काढलं होतं आणि शेजारच्या टेबलावरच्या बाईंनाही ऐकवलं होतं.

"ही टाके मोजायला वाकवलेली नाही, भाऊ."

तळटीपरावांना बसायला खोलीत दुसरी खुर्ची नव्हती. ते उभेच राहिले.

"पोलिसांत जाऊ या. मी येतो."

"मागच्या गावात गेले होते. त्यांनी त्याला बोलावून समजावलं. फार छान बोलतो तो. तेच त्याला फाटकापर्यंत सोडायला आले."

"मग मी लेख काढून टाकतो. आत्ता." हे बोलताना आपण गुपचूप न पुसण्याचा सातवा नियम मोडतोय हे त्यांच्या लक्षात आलं, आणि लक्षात आल्याची लाजही वाटली.

"त्याने वाचलाय तो. आता काढलात तर कशाला काढला तेही वाचेल. भोकाच्या कडा कापून टाकल्या की भोक जात नाही, मोठं होतं." ती खिडकीकडे बघत राहिली. "सहा वर्षांत तीन गावं केली. माझ्याकडे लोकांचे चौदा कपडे पडलेत. दर वेळी मीच काय म्हणून गाठोडं बांधायचं?"

पलीकडे एका घड्याळाने सहाचे ठोके दिले. थोड्या वेळाने दुसऱ्याने पाचचे.

"तुम्ही चूक झाली की रेघ मारून खाली खरं लिहिता ना?" तिने विचारलं.

"हो. तारखेसकट."

"आणि लोक त्यावर विश्वास ठेवतात."

"म्हणजे काय! त्यासाठीच तर..."

"मग तिथे खोटं लिहा."

घरी बायको जेवायला वाढत होती. तळटीपरावांनी तिच्यावर आजवर एक ओळही लिहिली नव्हती, कारण लग्नानंतर ब्लॉग निघाला त्याच दिवशी तिने सांगून ठेवलं होतं: ज्या दिवशी मी त्यात दिसेन त्या दिवसापासून स्वयंपाक तुमच्या वाचकांनी करायचा. त्यांनी तिला सगळं सांगितलं.

"तिला विचारलं होतंत?"

"विचारलं होतं. नाव नको म्हणाली, चेहरा नको म्हणाली. दोन्ही दिलं नाही."

"मग हात कशाला दिलात?"

"हात म्हणजे काही चेहरा नव्हे."

"अहो, नवरा बायकोला हातावरूनसुद्धा ओळखतो," ती म्हणाली. "तुम्ही नसाल ओळखत." आणि तिने पाण्याचं भांडं त्यांच्यापुढे ठेवलं. तळटीपरावांनी नकळत त्या हाताकडे बघितलं. तो त्यांना ओळखीचा वाटला, पण खात्रीने सांगता आलं नसतं.

जेवण झाल्या झाल्या ते संगणकापुढे बसले. खोटं कसं ओळखावं हे त्यांच्याइतकं कुणालाच ठाऊक नव्हतं. विभागात नव्याने आलेल्यांना ते पहिल्याच दिवशी सांगत: खरा अपघात दोन ओळींत संपतो, दोन पानं आली की फाइल बाजूला काढा. हे सगळं पक्कं माहीत असताना त्यांनी दुरुस्ती लिहायला घेतली. ती नऊ ओळींची झाली. लेखातल्या बाईंनी चार महिन्यांपूर्वीच दुकान सोडलं, लेख जुन्या टिपणांवरून लिहिला गेला, तसा उल्लेख करायचं अनवधानाने राहून गेलं, सध्या रफूचं काम एक पुरुष कारागीर पाहतात, त्यांचाही हात चांगला आहे, 'जुना ग्राहक' यांना दिलेल्या उत्तरातही हीच चूक झाली, वाचकांना झालेल्या तसदीबद्दल दिलगिरी. प्रत्येक वाक्य लिहून झालं की त्यात एक भोक दिसे आणि ते बुजवायला पुढचं वाक्य लागे. खाली त्यांनी तारीख घातली. ती तेवढी खरी होती.

सकाळी साडेनऊला ते मागच्या दाराने दुकानात आले. कचेरीत त्यांनी पोटदुखी कळवली होती. एकवीस वर्षांतला त्यांचा हा पहिला खोटा दावा, आणि तो कुणीही न तपासता मंजूर झाला, याचं त्यांना थोडं वाईटही वाटलं. ब्लॉगवर त्यांचा फोटो नव्हता. स्वतःचं तोंड दाखवत फिरणं त्यांच्या शिष्टाचारात बसत नव्हतं. तेवढा एक नियम आज उपयोगाला आला. पुरुष कारागीर म्हणून काउंटरवर तेच बसणार होते.

तिने दुरुस्ती त्यांच्या फोनवर वाचली.

"एवढं कशाला लिहिलंत?"

"कमी पडायला नको म्हणून."

गळ्यातली मोजपट्टी काढून तिने त्यांच्या गळ्यात अडकवली, शर्टाच्या खिशाला दोन सुया टोचल्या, आणि पडद्याआड जाऊन बसली. तिच्याकडे दिवाही होता, पण तिने तो लावला नाही.

दहा वाजून गेले. किती गेले ते सांगणं अवघड होतं, कारण भिंतीपलीकडची घड्याळं दहा मिनिटं आळीपाळीने दहा वाजवत होती. शेवटचं वाजून थांबलं तेव्हा मागच्या दाराशी कुणीतरी पायपुसण्यावर बूट पुसत असल्याचा आवाज आला. नीट, आधी एक, मग दुसरा.

"येऊ का?"

माणूस पन्नाशीकडे झुकलेला, भांग जागच्या जागी, नखं कापलेली. हातावर तपकिरी लोकरी कोट घडी करून टाकलेला. तळटीपरावांनी मनात जे काही उभं केलं होतं त्यातलं त्याच्यात काहीच नव्हतं. बसमध्ये शेजारी बसला असता तर त्यांनी त्याला खिडकीची जागा दिली असती.

"मागच्या दाराने आलो. पुढचं अडकतं असं वाचलं होतं."

"हो. अडकतं."

"इथे त्या बाई असायच्या ना?"

"गेल्या. चार महिने झाले." आणि मग, कुणी विचारलं नसताना: "मी असतो आता. आधी मी दुसरीकडे होतो. म्हणजे हेच काम, पण दुसरीकडे."

"असं." माणसाने कोट काउंटरवर ठेवला आणि तळहाताने घडी सरळ केली. "कुठे गेल्या काही कल्पना?"

"नाही."

"चहा दोघांचा दिसतोय."

काउंटरच्या टोकाला दोन कप होते. एकातून वाफ येत होती.

"घड्याळजी येतात," तळटीपराव म्हणाले. "शेजारचे. सकाळी येतात. रोज. साखर कमी लागते त्यांना."

माणूस हसला. त्या हसण्यात वाईट असं काही नव्हतं. त्याने एकदा पडद्याकडे बघितलं, जसं कुणीही नव्या खोलीत इकडेतिकडे बघतं. पडदा हलत नव्हता. तळटीपरावांना वाटलं, थोडा हलला असता तर बरं झालं असतं. इतकं निश्चल कापड कुणी पाहिलंय?

"बाहीवर भोक पडलंय. गुरुवारी येतो. तुमचाही हात चांगला आहे म्हणे."

तो गेल्यावर बऱ्याच वेळाने तळटीपरावांनी पडदा बाजूला केला. रफूवाली खुर्चीत नव्हती. ती खुर्चीमागे भिंतीला पाठ लावून जमिनीवर बसली होती, आणि तिने ओढणीचा बोळा तोंडात धरला होता. खोकला येऊ नये म्हणून.

तिने कोट हातात घेतला. भोकाच्या कडेवरून बोट फिरवलं.

"हे फाटलेलं नाही. कात्रीने कापलंय." मग बाही उलटी केली. भोकापासून चार बोटांवर, अस्तराच्या कडेला, एक पिवळा टाका होता. "हा माझा. लग्नाच्या दुसऱ्या वर्षीचा."

आता तळटीपरावांना समजलं. त्याला कोट नको होता. जुन्या टाक्याशेजारी त्याला नवा हवा होता, एकाखाली एक धरून बघायला.

दुपारभर तिने त्या कोटावर वाईट रफू करायचा प्रयत्न केला. ते काही जमेना. टाके वाकडे घालायला बसायची आणि तिसऱ्या टाक्याला हात आपोआप वळणावर यायचा. ओढलेला धागा कापडात असा मिसळायचा की तीच हताश होऊन उसवायला घ्यायची. डाव्या हाताने करून बघितलं. तेही बरंच चांगलं झालं.

"आण इकडे," शेवटी तळटीपराव म्हणाले. पहिल्यांदाच त्यांच्या तोंडून एकेरी निघालं, आणि दोघांपैकी कुणाच्याच ते लक्षात आलं नाही.

ते काम त्यांना बुधवारचा अख्खा दिवस पुरलं. पोटदुखी वाढल्याचं कचेरीत कळवावं लागलं. ती शेजारी बसून सांगत होती: धागा दुमडीतून ओढा, एक खाली, एक वर, ताणू नका, भाऊ, कापडाला श्वास घेऊ द्या. त्यांनी ताणलं. बोटांना सात ठिकाणी टोचून घेतलं. एक ओळ गेली की तिच्यात फट दिसे, म्हणून ते वरून आणखी एक ओळ घालत, आणि ती फुगली की ती दाबायला तिसरी. संध्याकाळी बाहीवर डास चावल्यासारखं टेंगूळ उठलं होतं. बायकोने रात्रीच्या जेवणाला त्यांची बोटं बघितली आणि वाटीत कोमट पाणी आणून ठेवलं.

गुरुवारी तो वेळेवर आला. बूट पुसले. कोट हातात घेऊन उजेडाकडे गेला. अंगठा टेंगळावरून सावकाश फिरवला, परत फिरवला. मग बाही उलटी करून आतून बघितली. तळटीपरावांनी दोन्ही हात काउंटरखाली ठेवले होते.

"हे रफू आहे?"

"हो."

"तुम्हीच केलंत?"

"मीच केलं."

"ते दिसतंच आहे," तो म्हणाला. कोट अंगात घातला, बटणं लावली, जाताना दार आवाज न करता ओढून घेतलं.

तळटीपरावांनी घड्याळजींच्या भिंतीवर मूठ आपटली. हे कशासाठी ते घड्याळजींना कळलं नाही, पण त्यांनीही पलीकडून दोनदा आपटली. पडद्याआडून रफूवाली बाहेर आली तेव्हा तळटीपराव मोजपट्टी गळ्यात मिरवत उभे होते.

"बघितलंत, ताई? निळा नाही, पिवळा नाही. गेला! एवढं वाईट काम मी आयुष्यात केलं नव्हतं."

ती हसली नाही. ती त्यांच्या हातांकडे बघत होती.

"ब्लॉगवरचं सगळं तुम्ही स्वतःच लिहिता ना?"

"दुसरं कोण लिहिणार?"

"नाही, असंच." तिने त्यांच्या गळ्यातली मोजपट्टी काढून घेतली आणि बोटांवर गुंडाळली. "तुमचा स्वेटर राहिलाय. आज करून टाकते. चौदातले तेरा झाले."

शुक्रवारी तळटीपराव कचेरीत गेले. शेजारच्या टेबलावरच्या बाईंनी पोटाची चौकशी केली आणि बोटांवरच्या पट्ट्यांकडे बघून पुढे काही विचारलं नाही. पावणेदहाला त्यांनी ब्लॉग उघडला. नऊ ओळींच्या दुरुस्तीखाली 'जुना ग्राहक' यांची प्रतिक्रिया होती, पंधरा मिनिटांपूर्वीची.

'दुरुस्ती वाचली. रफूही पाहिलं. दोन्हींचे टाके एकाच हाताचे आहेत. कळवल्याबद्दल आभार.'

खुर्ची मागे पडली ती त्यांनी उचलली नाही. टपाल कचेरीपर्यंत वीस मिनिटं लागतात. त्यांनी ती बारात संपवली, आणि शेवटच्या वळणावर त्यांना कळलं की आपण पूर्ण वाट मनात एकच गोष्ट घोकत होतो: दहाला उघडतं, मागच्या दाराने, दहाला उघडतं, मागच्या दाराने. इतकं नेमकं आपणच लिहिलं होतं.

घड्याळजी आपल्या दारात उभे होते.

"किल्ली तुमच्यापाशी द्यायला सांगितलीय," ते म्हणाले. "काल दिवेलागणीलाच गेली. सगळ्यांचे कपडे घड्या करून, चिठ्ठ्या लावून ठेवलेत. हा तुमचा."

कागदात बांधलेला स्वेटर त्यांनी पुढे केला.

"कुठे गेली?"

"मला विचारता? मला वाटलं, तुम्हाला ठाऊक असेल. तुम्ही लिहिता ना."

तळटीपरावांनी मान हलवली. त्यांना ठाऊक नव्हतं. गावाचं नाव, गल्ली, दाराची बाजू, काहीही नाही. कुणी समोर बसवून विचारलं असतं तरी सांगण्यासारखं त्यांच्यापाशी काही नव्हतं.

त्यांनी दुकान उघडलं. काउंटरवर तेरा घड्या. दोन कप धुऊन पालथे घातलेले. पडदा एका बाजूला सारून बांधलेला, आणि पलीकडे खिडकीशी नुसती खुर्ची. ते तिथे जाऊन बसले आणि कागद सोडला. भिंतीपलीकडे पहिलं घड्याळ वाजायला लागलं.

कोपर कुठला होता, डावा. त्यांनी डावी बाही उजेडात धरली. मग उजवी. स्वेटर उलटा केला, शिवणी बघितल्या, बोटांवरच्या पट्ट्या काढून टाकल्या आणि नुसत्या बोटांनी लोकर चाचपली. मागच्या दाराशी पायपुसण्यावर कुणीतरी बूट पुसत होतं. आधी एक, मग दुसरा. तळटीपराव शोधत राहिले, कोपरापासून खांद्यापर्यंत, पुन्हा खांद्यापासून मनगटापर्यंत. निळा नव्हता. पिवळा नव्हता. वेगळ्या रंगाचा टाका कुठेच नव्हता, आणि भोक नेमकं कुठे होतं तेही आता त्यांना सांगता येईना.

तेव्हा कुठे त्यांना मान वर करायचा धीर आला.